वाऱ्याची वाट आणि माणसाचे घर
वरळी कोळीवाड्याच्या काठावरून विनयपिटकाचे एक वाचन

वरळी कोळीवाडा म्हणजे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी वरळी बेटाच्या उत्तर टोकावरची वस्ती होय. तिच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस माहीमचा उपसागर आणि अगदी टोकाला एक लहानसा जुना किल्ला आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतून येथे पायी येता येते. ज्या चाळींत आमच्या समाजाच्या चार-चार पिढ्या वाढल्या, त्या चाळी आणि हा कोळीवाडा एकाच बेटावर, एकाच वाऱ्यात उभे आहेत. पण त्या वाऱ्याशी दोघांचा संबंध मात्र सारखा राहिलेला नाही. तो का राहिला नाही, याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो आहोत. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घेण्यास धावते; हा खारा वारा होय. रात्री जमीन लवकर निवते आणि वाऱ्याचा ओघ उलटतो. तो मतलई वारा. पावसाळ्यात या दोहोंवर नैर्ऋत्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्याची सत्ता चालते. कोळी बांधवांच्या दृष्टीने हा परीक्षेपुरता पाठ नव्हता. शिडाच्या होड्यांच्या काळात पहाटे मतलईवर दर्यात जाणे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर बंदरास लागणे, यावर त्यांचे पोट अवलंबून होते.

तीच जाण घराच्या बांधणीत उतरली. जुन्या कोळी घराला पुढे ओटी असे. तेथे जाळी विणली जात, मासळी निवडली जात आणि उकाड्याच्या रात्री माणसे झोपत. छप्पर उतरते असे. आधी झावळ्यांचे, मग नळीच्या कौलांचे आणि १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर कालांतराने मंगळुरी कौलांचे. उतरत्या छपरावरून पाऊस झटकन वाहून जातो, पुढे आलेली वळचण भिंतीला ऊन व झड लागू देत नाही, आणि कौलांच्या फटींतून घरातील तापलेली हवा वर निघून जाते. ती वर गेली की दारातून गार हवा आत येते. येथे कोणतेही यंत्र नाही. निसर्गात ऊर्जेचा जो ओघ अहोरात्र चालूच आहे, त्याला वाट करून देणे एवढेच घराचे काम आहे. मासळी वाळविण्याचे कामही ऊन आणि वाराच करतात.

जुने ते सारे चांगले, असे आम्ही म्हणत नाही. त्या घरांत धूर होता, दारिद्र्य होते, भेदही होते. आमचा मुद्दा एवढाच, की घराचे रूप कशावरून ठरवावे, या प्रश्नाला तेथे अनुभवाने दिलेले एक उत्तर होते. हाच प्रश्न तथागतांच्या संघापुढेही आला होता, आणि त्याचे उत्तर विनयपिटकात नोंदलेले आहे.

विनयातील घर

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शयनासनाविषयी एक स्वतंत्र खंधक आहे. त्यातील वृत्तांत असा : आरंभी भिक्खूंना निवासाची अनुज्ञा नव्हती. ते अरण्यात, झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, स्मशानात, गवताच्या गंजीवर राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा दर्शविली. भिक्खूंनी भगवंतांना विचारले आणि भगवंतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुमती दिली : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. श्रेष्ठीने एकाच दिवसात साठ विहार उभे केले, असे तेथे म्हटले आहे. विनयाचे आजचे रूप महापरिनिर्वाणानंतरच्या काळात संकलित झालेले आहे, हे इतिहासाचा अभ्यासक जाणतोच. तरीही भिक्खूसंघ घराविषयी कोणत्या रीतीने विचार करीत होता, याचा हा प्राचीन व विश्वसनीय पुरावा आहे.

ही रीत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक नियमाआधी एक अडचण सांगितलेली आहे. गवताने शाकारलेले विहार थंडीत फार थंड आणि उन्हाळ्यात फार उष्ण होऊ लागले. म्हणून छप्पर आवळून आतून-बाहेरून लिंपून घेण्याची अनुमती आली. विहारांना खिडक्या नव्हत्या, त्यामुळे आत दिसेना व कोंदट वास येऊ लागला; म्हणून तीन प्रकारच्या खिडक्यांची अनुमती आली : कठड्याची वेदिकावातपान, जाळीची जालवातपान आणि उभ्या पट्ट्यांची सलाकावातपान. खिडकीच्या या पाली शब्दातच वात, म्हणजे वारा, आहे. जमीन सखल असल्याने पाणी आत शिरू लागले. म्हणून विटांचे, दगडाचे वा लाकडाचे जोते बांधण्याची आणि वर चढण्यास पायऱ्यांची अनुमती आली. मग ओसरी आली. अग्निशाळेत धूर कोंडू लागला, तेव्हा धूर बाहेर नेणारे धुराडे आले.

यापुढे जाऊन, आपल्या निवासस्थानाची निगा भिक्खूने कशी राखावी हे सांगताना विनयात असा नियम येतो, की थंडीच्या ऋतूत खिडक्या दिवसा उघडाव्यात व रात्री लावाव्यात. उन्हाळ्यात दिवसा लावाव्यात व रात्री उघडाव्यात. पूर्वेकडून धुळीचा वारा येत असेल तर पूर्वेच्या खिडक्या लावाव्यात, पश्चिमेकडून येत असेल तर पश्चिमेच्या. उत्तर व दक्षिण या दिशांसाठीही तसेच. हवामानानुसार घर वापरण्याचे जे शास्त्र आज विद्यापीठांतून शिकविले जाते, त्याचा गाभा या चार ओळींच्या नियमात आहे. उन्हाळ्यात दिवसाची उष्णता बाहेर अडवावी, रात्रीच्या गारव्याने भिंती निववाव्यात. थंडीत याच्या उलट करावे.

येथे कोणती दिशा शुभ आणि कोणती अशुभ, याचा उल्लेख नाही. दिशेचा उल्लेख आहे तो वाऱ्याच्या संदर्भात. वारा बदलला की खिडकी बदलते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते : ही भगवंतांची विचारपद्धती छपराच्या लिंपणापर्यंत आणि खिडकीच्या पट्टीपर्यंत पोहोचलेली आम्हांस दिसते.

कोणी म्हणेल, मगधातील नियम मुंबईस कसा लागू पडावा? शंका रास्त आहे. मगधाचा उन्हाळा कोरडा असतो. तेथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर असते. मुंबईची हवा दमट. मे महिन्यात येथे दिवसाचे तापमान ३३ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे २७ अंशांच्या आसपास असते. अशा हवेत खिडक्या लावून बसले तर घामाने जीव कासावीस होईल. येथे अंगावरून वारा सतत वाहत राहिला तरच घाम सुकतो आणि शरीर निवते. म्हणून मुंबईस त्या नियमाचे अक्षर लागू पडत नाही. त्यामागील विचार लागू पडतो. आणि अशी सूट खुद्द विनयानेच दिलेली आहे. महावग्गात सोण कुटिकण्णाची कथा आहे. अवंती-दक्षिणापथातील जमीन कठीण व खडबडीत आहे, तेथील लोक वारंवार स्नान करतात, असे महाकच्चायनांनी त्याच्याकरवी भगवंतांना कळविले. भगवंतांनी त्या प्रदेशातील भिक्खूंना जाड तळव्याची पादत्राणे वापरण्याची व वारंवार स्नान करण्याची अनुमती दिली. प्रदेश बदलला, नियम बदलला. धम्म पोथीनिष्ठ नाही, याचे याहून ठळक उदाहरण कोणते द्यावे?

कान्हेरीची साक्ष

हा विचार आपल्याच शहराच्या हद्दीत दगडात कोरलेला आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालेले हे कोरीवकाम जवळजवळ एक सहस्रक चालू होते. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन काळातील आहे. बहुतेक लहान विहारांची रचना एकसारखी दिसते : पुढे अंगण, मग खांबांची ओसरी, आत दालन, दालनाला लागून खोली, बसण्यासाठी दगडी बाक आणि बाजूस पाण्याचे टाके. कोरीव लेखांत या टाक्यास पोढी म्हटले आहे. डोंगराच्या माथ्यावरून उतरणारे पाणी दगडात खोदलेल्या पन्हळींतून या टाक्यांत येते.

मुंबईत वर्षाला सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. वर्षावासात जे पाणी नकोसे होई, तेच साठवून पुढे पुरविण्याची ही योजना होती. ओसरीच्या पुढे आलेल्या खडकामुळे पावसाची झड दालनात येत नाही आणि डोक्यावरचे ऊन भिंतीला लागत नाही. वरचा खडक इतका जाड, की दिवसाची उष्णता आतपर्यंत पोहोचण्याआधीच सायंकाळ होते. ज्यांनी ही लेणी कोरली त्यांनी डोंगराशी भांडण मांडले नाही; डोंगर जे देतो ते घेतले.

दिशेची दुसरी गोष्ट

आता या देशातील दुसऱ्या परंपरेकडे वळू. बाबासाहेबांच्या ज्या हस्तलिखितात अस्पृश्यांच्या वस्तीस बहिष्कृत कोंडवाडा म्हटले आहे, आणि जे १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले, त्यात गावगाड्याने अस्पृश्यांवर लादलेल्या निर्बंधांची यादी आहे. त्यात वस्तीची दिशा येते : अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेस असावी, कारण दक्षिण ही चार दिशांतील सर्वांत अशुभ दिशा. त्याच यादीत आणखी एक निर्बंध येतो : अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गुन्हा.

हे दोन निर्बंध एकत्र ठेवून वाचावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. कौलारू छपराच्या निषेधाकडे आपण बहुधा प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून पाहतो. तो तसा होताच. परंतु कौल ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. गवताचे छप्पर दरवर्षी शाकारावे लागते, गळते, कुजते, पेट घेते. तेच गवताचे छप्पर थंडीत थंड व उन्हाळ्यात उष्ण होते म्हणून भगवंतांनी ते लिंपून घेण्याची अनुमती दिली होती. आणि येथे दोन हजार वर्षांनंतर, ऊन-पावसापासून अधिक चांगला निवारा करणे हाच एका समाजासाठी अपराध ठरविला जात होता. एका परंपरेत घर हे दुःख निवारण्याचे साधन आहे. दुसऱ्या परंपरेत ते माणसाची पायरी दाखविण्याचे साधन आहे. ऊन, वारा आणि पाऊस यांनी भेद केला नाही. त्यांच्यापासून रक्षण कोणाचे व्हावे, याबाबत भेद माणसांनी केला.

चाळ : हवेचा हिशेब

गावकूस सोडून आपली माणसे मुंबईस आली, ती बहुतांशी चाळींत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट घर आणि रोग यांचा संबंध आता सरकारला नाकारता येत नव्हता. जुनी घरे पाडण्यात हा ट्रस्ट जितका तत्पर होता तितका गरिबांसाठी नवी बांधण्यात नव्हता. तथापि त्याच्या काळात एक उपयुक्त नियम पुढे आला. इमारतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले असता होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक नसावा. साध्या भाषेत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नसावी. तळमजल्याच्या खोलीलाही आकाशाचा एक तुकडा मिळावा, हा त्यामागील हेतू. बाबासाहेब १९१२ पासून सुमारे दोन दशके परळच्या ज्या बी.आय.टी. चाळीत राहिले, ती याच ट्रस्टची. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत मुख्यतः ग्रंथांसाठी घर बांधले आणि त्यास राजगृह हे नाव दिले. ज्या नगरीत संघाला पहिला निवास मिळाला, तिचेच ते नाव होय.

१९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला व त्यावर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे. मजल्याच्या मधोमध एक लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. या रचनेत खर्च वाचतो, पण प्रत्येक खोलीला बाहेरची बाजू एकच मिळते. वारा आत येण्यासाठी खिडकी आहे, परंतु बाहेर जाण्यासाठी वाट नाही. समोरासमोरच्या दोन्ही खोल्यांची दारे उघडी असतील तरच वारा आरपार वाहतो. चाळीत दारे उघडी राहत, शेजारधर्म वाढला, याचे आपण कौतुकाने स्मरण करतो. त्या उघड्या दारांमागे आपुलकी होती, तशीच हवेची गरजही होती. समुद्र हाकेच्या अंतरावर असून घरात वारा नाही, अशी ही अवस्था होती.

हे ज्ञान मुंबईत नव्हते असे नाही. पेडर रोडजवळ कंबाला हिलवर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही ३२ सदनिकांची उंच इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत पश्चिमेकडून वारा येतो, पण दुपारचे कडक ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. यावर जुन्या बंगल्यांभोवतीच्या व्हरांड्यांचा उपाय कोरियांनी उंच इमारतीत आणला : राहत्या खोल्या आत घेतल्या, कोपऱ्यांवर दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या सोडल्या आणि वारा पूर्व-पश्चिम आरपार जाऊ दिला. उत्तम काम आहे. पण ते ३२ श्रीमंत कुटुंबांच्या वाट्याला आले. हवा सर्वांची असली तरी हवेचे शास्त्र सर्वांचे झाले नाही.

आजचा प्रश्न

आज कोळीवाड्यातही ती ओटी क्वचितच उरली आहे. जागा तेवढीच, माणसे वाढली. घरे वरवर चढली. कौलांच्या जागी पत्रा व स्लॅब आले. पत्र्याखाली दुपार कशी जाते हे झोपडीत राहिलेल्यास सांगावे लागत नाही. मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीत संपूर्ण वरळी कोळीवाडा बंद करण्यात आला, तेव्हा घरातच थांबा या आदेशाचा अर्थ सर्वांस सारखा नव्हता. ज्या घरात हवा खेळत नाही, तेथे घरात थांबणे हे संरक्षण ठरत नाही.

पुनर्वसनाच्या इमारतींनी हा प्रश्न आपोआप सुटतो, असेही नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत इमारतींमधील अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटर आहे. तेथील क्षयरोगाचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू ही संस्था व आय.आय.टी. मुंबई यांच्या सहभागाने झाला आणि २०१८ साली पुढे आला. जेथे ऊन व वारा कमी पोहोचतो, विशेषतः खालच्या मजल्यांवर, तेथे क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. साडेत्रेसष्ट अंशांचा तो जुना नियम पाळला असता तर तीन मीटरच्या मोकळ्या जागेसमोर सहा मीटरहून उंच भिंत उभी राहिली नसती.

वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी आता चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत आणि स्वतःच्या मालकीच्या घरात जाणे ही फार मोठी गोष्ट आहे. पिढ्यांच्या लढ्याचे ते फळ आहे. त्याचा आनंद आम्हांसही आहे. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारणे अगत्याचे वाटते. क्षेत्रफळ मिळाले, वारा मिळाला काय?

हा प्रश्न मोजता येतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता प्रसिद्ध केली. तिच्यात उष्ण-दमट प्रदेशासाठी, म्हणजे मुंबईसारख्या ठिकाणी, उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक-षष्ठांश, असावे असे म्हटले आहे. पाचशे चौरस फुटांच्या घरास हे सुमारे ८३ चौरस फूट होते. सरकत्या काचेच्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, तेवढाच मोजावयाचा. कोणत्याही कुटुंबास फीतपट्टी घेऊन हे पाहता येईल. आणि एवढ्याने भागत नाही : खिडक्या समोरासमोरच्या वा लगतच्या दोन भिंतींत आहेत काय, पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा आहे काय, समोरची इमारत किती अंतरावर आहे, हेही पाहावे. ज्या घरास वारा नाही त्या घरास पंखा व वातानुकूलन यंत्र विकत घ्यावे लागते आणि जो वारा समुद्र फुकट देतो त्याचे बिल दरमहा भरावे लागते. गरिबाच्या घराची ही न दिसणारी घरपट्टीच होय.

आमच्या विहारांविषयीही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. घुमट आणि कमानी उभारण्यास आपण वर्गणी काढतो. परंतु पौर्णिमेच्या वंदनेस शंभर माणसे बसली की सभागृहात श्वास कोंडतो, म्हातारी माणसे उठून बाहेर जातात. चैत्याचा आकार घेतला आणि वातपान विसरलो, तर आपण केवळ नक्कल केली असे होईल. त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे, नव्या घरात जाताना आपल्यापैकी काही कुटुंबे दार कोणत्या शुभ दिशेस आहे याची चौकशी करू लागली आहेत. ज्या दिशाशास्त्राने आपल्या पूर्वजांना अशुभ दिशेस बसविले, त्याच शास्त्राकडे आपण आपल्या घराचे कल्याण विचारावयास जावे काय? चौकशी जरूर करावी. पण ती वारा कोठून येतो, ऊन किती वाजता कोणत्या भिंतीवर पडते आणि पावसाची झड कोणत्या खिडकीतून आत येते, याची करावी.

वरळी कोळीवाड्याच्या टोकावर दुपारनंतर खारा वारा सुटतो तेव्हा तो जात विचारीत नाही आणि भाडेही मागत नाही. त्याला घरात येण्यास वाट ठेवावयाची की नाही, हे नकाशा काढणाऱ्याच्या मेजावर ठरते. त्या मेजापर्यंत आपला प्रश्न पोहोचविणे हे आता आपले काम आहे. चाळींच्या पुनर्बांधणीचे आणखी नकाशे यावयाचे आहेत, आणखी विहार बांधावयाचे आहेत. प्रत्येक नकाशासमोर उभे राहून विनयातील त्या भिक्खूंप्रमाणे साधी अडचण मांडावी : येथे दिसत नाही, येथे कोंदट होते, येथे पाणी शिरते. अडचण स्पष्ट मांडली गेली की उपाय सापडतो, हा आपल्या परंपरेचा अडीच हजार वर्षांचा अनुभव आहे.